पार्किंगमधला निरोप

आमचा सकाळचा मोर्चा संपला. "परदेशातून आलेल्यांची कुटुंबं तोडू नका" अशा घोषणा देऊन घसे बसले होते, फलक डिकीत गेले होते. पण अमेरिकेत आलो तरी आम्ही मराठी माणसं. 'चला, निघतो' म्हटल्यावरच आमच्या खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणी गाडीत बसून काच खाली केली, तर कुणी त्याच काचेवर कोपर टेकून लोणच्याची कृती विचारायला लागलं.

बंदोबस्तावरचा पोलीस वैतागून आला. "मोर्चा अजून चालूच आहे का?"

"छे हो, आम्ही कधीच निघालोय," जागच्या न हलता सुमनवहिनी म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रागही. ज्यांचा पार्किंगमधून पाय निघत नाही, त्यांना कायदा खुशाल सांगतो, बायको इथे, नवरा तिथे, वर्षानुवर्षं थांबा!

तेवढ्यात वहिनींच्या यजमानांचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. त्यांचा व्हिसा अजून अडकलेलाच आहे. आम्ही सगळे फोनभोवती जमलो. खूप वेळानं ते म्हणाले, "बरं, ठेवतो." वहिनी म्हणाल्या, "हो, ठेवते मी पण."

पोलिसानं घड्याळ पाहिलं. फोन कुणीच ठेवला नाही.