उडवण्याआधी हजेरी

इस्लामपूरला सुट्टीत गेलो तेव्हा वडिलांचा लॅपटॉप गच्च भरला होता. फौजेत असतानाच्या मोबाइलमधलं सगळं त्यांनी त्यात ओतलेलं, फोल्डरच्या आत फोल्डर. नुसत्या कॉल रेकॉर्डिंगच्याच शेकडो फाइली. मी एक कमांड लिहिली: प्रत्येक फोल्डरात शिरून त्या प्रकारच्या सगळ्या फाइली उडव. एंटर दाबणार, तेवढ्यात मागून वडील म्हणाले, "आधी हजेरी घे. नावं वाच."

मला रागच आला. ऑफिसात मी रोज अशाच कमांडी चालवतो. तरी कमांडमधलं उडवायचं काढून नुसती यादी मागवली. ज्याचा फोन, त्याचं नाव फाइलीला होतं. मी चिडूनच वाचू लागलो. कॅन्टीन, बँक, कारखाना, घर.

"थांब. घर लाव."

आई जाऊन चार वर्षं झाली. हा फोन वडिलांच्या शेवटच्या पोस्टिंगच्या वेळचा असावा. रेकॉर्डिंगमध्ये तिच्या मागं विहिरीवरची मोटार चालू होती, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. "आवं, ऊस गेला तोडून. तुमी कवा येताय?"

वडिलांनी खुर्ची पुढं ओढली.

"आलोय की," ते लॅपटॉपला म्हणाले.