एक जूनचा कमलेश

"हॅपी रिटायरमेंट, सर," सकाळी साडेसहाच्या कॉलवर मार्विन म्हणाला, तेव्हा कमलेशच्या तोंडात चहात बुडवलेली खारी होती. ती तिथेच राहिली.

मार्विन मनिलाचा, चोवीस वर्षांचा, बोलायला गोड. दोन आठवडे कमलेश बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आपल्या बेडरूममध्ये बसून त्याला काम शिकवत होता. काम म्हणजे एका अमेरिकन विमा कंपनीचं जुनंपुराणं सॉफ्टवेअर. एकोणीस वर्षं कमलेशनेच त्याची नाडी धरून ठेवली होती. कंपनी म्हणाली होती, तुमच्या मदतीला नवी टीम देतोय. मार्विनला सांगितलं होतं, इंडियाची टीम वयस्कर आहे, रिटायर होतेय, पटापट शिकून घ्या.

वयस्कर. हेंद्रेपाड्याच्या टेनिस बॉल टीममध्ये कमलेश अजून ओपनिंगला जातो. लवकर परत येतो ते सोडा.

खरं तर असा कॉल त्याने आधी एकदा केला होता, फक्त शिकणाऱ्याच्या बाजूने. तेव्हा तो मार्विनच्याच वयाचा होता आणि पलीकडे डेनिस नावाचा अठ्ठावन्न वर्षांचा अमेरिकन होता. सहा आठवड्यांत त्याने सगळं शिकवलं, शेवटच्या दिवशी "गुड लक, सन" म्हणाला आणि फोन ठेवला. डेनिसचं पुढे काय झालं, हे कमलेशने विचारलं नाही. घरी पेढे वाटायचे होते.

दुपारपर्यंत काढायच्या लोकांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. तेवीस नावं. त्यात कामचोर होते, तसे गेल्या वर्षी ट्रॉफी घेतलेलेही होते. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण कोणीतरी ग्रुपवर सगळ्यांच्या जन्मतारखा मांडल्या. तेवीसच्या तेवीस पंचेचाळीस ओलांडलेले. पंचेचाळिशीच्या आतला एकही नाही.

कमलेशचं नाव सगळ्यात शेवटी होतं. एक जून एकोणीसशे ऐंशी. दोन महिन्यांपूर्वीच पंचेचाळीस पूर्ण.

आता गंमत अशी की कमलेश पंचेचाळीसचा नव्हताच.

आमच्याकडच्या शाळांच्या रजिस्टरात निम्मा गाव एक जूनला जन्मलेला असतो. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तरांना हिशेब सोपा. कमलेशचं प्रकरण त्याच्याही पुढचं होतं. त्याने आईला, मोतीबाईंना, पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"वेणू एकली शालेत जायला रडायची," मोतीबाई मासळी साफ करता करता म्हणाल्या. "मंग तुला पन पाठवला तिच्या संगती. तू चार वर्साचा नव्हतास. मास्तर बोलला, दोघांची एकच तारीख टाकतो."

"आणि तुम्ही टाकू दिली?"

"मना काय ठावं, तू पुढं कम्प्युटरवाला व्हनार?"

म्हणजे दोन वर्षांनी मोठी बहीण आणि तो कागदावर जुळे. एवढी वर्षं लग्नकार्यात हसण्यापुरती असलेली ही गोष्ट आता नोकरी वाचवू शकत होती.

हे डोकं वेणूच्या नवऱ्याचं, भावेशचं. तो अंबरनाथला सरकारी नोकरीत, वय सत्तावन्न, आणि त्यांच्या खात्यात त्याला अजून पोरगा म्हणतात.

"पंचेचाळीसच्या वरचे काढतायत ना? तू बेचाळीसचा. सिद्ध कर आणि बस खुर्चीत," भावेश म्हणाला.

"एवढं सोपं असतं होय भाओजी?"

"आमच्याकडे लोक नोकरीची दोन वर्षं वाढवायला कोर्टात जातात. तुला नुसतं पालिकेत जायचंय."

पालिकेत चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला जुन्या नोंदवहीत सापडलं: अकरा नोव्हेंबर एकोणीसशे ब्याऐंशी, पुरुष, वडील हरिचंद्र. मुलाच्या नावाची जागा कोरी. प्रतिज्ञापत्र करून, नाव चढवून त्याने दाखला घेतला. आपण तरुण आहोत याचा सरकारी शिक्का! गडी बदलापूरपासून ऐरोलीच्या ऑफिसपर्यंत पिशवी मांडीवर सांभाळून गेला, जणू आत अंडी होती.

एचआरच्या तेजल मॅडम तिशीच्या आतबाहेर. त्यांनी दाखला वाचला, मग स्क्रीनवर त्याची फाइल उघडली, मग पुन्हा दाखला वाचला.

"कमलेश सर, म्हणजे जॉइन होताना तुम्ही दिलेली तारीख खोटी होती?"

कमलेशला प्रश्न कळायलाच वेळ लागला. "खोटी नाही, शाळेतली होती."

"पण तुमची नव्हती. फॉर्मवर सही आहे तुमची, वरील माहिती खरी आहे म्हणून."

"मॅडम, मास्तरांनी..."

"पॉलिसीत मास्तर नाहीत सर. चुकीची माहिती दिली तर थेट टर्मिनेशन. जाताना मिळणारं पॅकेज नाही, अनुभवाचं पत्र नाही. दुसरीकडे कोणी विचारलं तर आम्हाला हेच सांगावं लागेल."

"अहो, पण मी पंचेचाळीसचा नाहीये एवढंच सांगतोय. यादी तर पंचेचाळीसच्या..."

"कुठली यादी?" तेजल मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वयाचा काही संबंध नाहीये. वयावरून काढताच येत नाही कोणाला. कुठे लिहिलंय दाखवा."

ते त्याला दाखवता येणार नव्हतं. वय जास्त म्हणून घालवत होते, ते कागदावर नव्हतं. वय कमी म्हणून घालवता येणार होतं, तो कागद त्यानेच आणून टेबलावर ठेवला होता, पाच खेपा मारून.

मग तेजल मॅडमनी एका बोटाने दाखला त्याच्याकडे सरकवला.

"हे मी बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पप्पांची पण एक जून आहे, सर. ठेवा पिशवीत."

त्याच्या जागी त्यांनी राजीनाम्याचा फॉर्म ठेवला. स्वखुशीने, असं वर छापलेलंच होतं. नाव, कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख.

कमलेशने पेन घेतलं. नाव लिहिलं. तारखेच्या चौकोनापाशी हात थांबला. आजवर ती तारीख कोणी ना कोणी आधीच लिहिलेली असायची, हा नुसता उतरवून काढायचा. आता खरी काय ते पिशवीत शिक्क्यासकट होतं, आणि तरी त्याने एक जून एकोणीसशे ऐंशी लिहिलं, ठळक, एकेक आकडा चौकोनात बसवून.

तेजल मॅडमनी फॉर्म स्क्रीनजवळ धरला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "जुळतंय."