नाळेतलं रक्त

मुलगी झाली तेव्हा तिची वार सासूबाईंनी राजूरकडच्या आमच्या शेतात, बांधाशी पुरली. आमच्यात तसंच करतात. पण नाळेतलं रक्त त्याआधीच, असं रक्त साठवणाऱ्या बँकेत गेल्तं. ते खूळ माझ्या नवऱ्याचं. तो एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला. थंड खोलीत ठेवलेलं बी कैक वर्षांनी काढलं तरी उगवतं, हे रोज बघणारा माणूस. "पोरीच्या मूळ पेशी ठेवू, उद्या आजार आला तर कामाला येतील," म्हणाला. बँकेचा माणूस दवाखान्यातूनच पिशवी बंद पेटीत घालून घेऊन गेला.

मुलगी चालायला लागायच्या आत गेली. मेंदूत ताप चढला. त्या आजारात ठेवलेल्या रक्ताचा काडीचा उपयोग नव्हता. लहान लेकरांना आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. वारेशेजारीच तिला ठेवलं.

तिच्या वाढदिवशी भर दुपारी बँकेतून फोन आला. माझे हात कणकेत होते, म्हणून स्पीकर लावला. गोड आवाजाची पोरगी होती. "बाळ कसं आहे?" असं विचारायचा त्यांचा नियमच आहे म्हणे, मुलाला पुढं काही आजार निघाला तर साठवलेल्या रक्ताशी तशी नोंद जोडतात. पोरगी गेल्याचं आम्ही त्यांना कळवलंच नव्हतं. मी विचारलं, "तुमच्याकडचं कसं आहे?"

"एकदम छान. ठेवायच्या आधी जंतू तपासलेत, पेशी जिवंत आहेत का तेही बघितलंय. टाकीतल्या थंडीवर चोवीस तास लक्ष असतं. काही काळजी करू नका, जिवंतच राहतील."

मी पीठ लागलेल्या बोटानं फोन बंद केला. समोर सासूबाई शेंगा फोडत होत्या.

"मंग ती गेलीच न्हाई म्हण की," त्या म्हणाल्या.

"आत्या, काहीही बोलू नका."

"म्या कुठं बोलले? ती पोरगी बोलली."

माझं डोकं असं तापलं की शेंगांचं सूप उचलून बाहेर नेऊन ठेवलं. पण त्या दिवसापासून सासूबाईंनी फ्रिजचं पाणी सोडलं. फ्रिज घुरघुरायला लागला की बोलता बोलता थांबायच्या. एकदा बघितलं तर वरच्या, बर्फाच्या दारावर तळहात ठेवून उभ्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. "काय करून राह्यल्या?" मी खेकसले. "गार हाय गं लई," म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला. मी वरवर हसले. खरं सांगते, नंतर मीही ते दार उघडेनाशी झाले. आत मटार होते, ते तसेच राहिले.

"अर्धी मातीत, अर्धी गारठ्यात," सासूबाईंचं एकच टुमणं. "कुठं जाईल लेकरू? आण तिला. अर्धीजवळ अर्धी येऊ दे, बांधावर ठिवू."

शेवटी एका सकाळी सासूबाईंना शेजारी बसवून मीच बँकेला फोन लावला, स्पीकरवर. मुलगी गेल्याचं सांगितलं, ते रक्त घरी न्यायचंय म्हणाले. तीच गोड आवाजाची पोरगी होती. म्हणाली, "मॅडम, घरी नाही देता येत. माणसाचं रक्त आहे, सुरक्षेचा नियम आहे. उपचारासाठी लागलं तर फक्त दवाखान्याला देतो. नको असेल तर तुम्ही लिहून द्या, आम्ही नष्ट करू."

"नष्ट म्हणजे कसं?"

"भट्टीत. पूर्ण जाळतात. मागं काही उरत नाही."

मला वाटलं, सुटले. हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"आमच्यात लेकरू जाळत न्हाईत," त्या फोनकडं बघत म्हणाल्या. "राहू द्या तिथंच. नीट सांभाळा म्हणावं."

मी "ठेवा" म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

आता दर वाढदिवसाला फोन येतो. बाळ कसं आहे, असं कुणी विचारत नाही. सॅम्पल चांगलं आहे, तेवढं सांगतात. सासूबाईंना आता कमी ऐकू येतं. दारातूनच विचारतात, "काय म्हणली?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगते, "बरी आहे."