राखीव जागेची खालची हद्द

भानुदास गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, आणि मला दवाखान्यातली शेवटची भेट आठवली. माझा हात धरून तो म्हणाला होता, "खालची हद्द मी आधीच का नाय घातली रं?" इतकी वर्षं तो हेच विचारत होता...

बिडकीनच्या मेंढपाळाच्या घरातला भानुदास शिकून चितेगावच्या रसायनांच्या कारखान्यात संगणकावर लागला. मीही तिथंच होतो. टाक्यांचं तापमान संगणक बघायचा, ते वाढलं की भोंगा वाजवायचा. त्याच्या कर्नेलसाठी, म्हणजे सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रणालीसाठी, थोडी मेमरी राखीव असे. ती ठरावीकच. कामाचा लोंढा आला की पुरत नसे, यंत्र गोठे. जास्त राखली तर बाकी कामांना जागा उरत नसे. भानुदासनं ती हलती केली. ताण आला की वाढेल, काम नसलं की आटेल. महिनोन्महिने यंत्र अडलं नाही. पोरगा हरखून गेला होता.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण पेटलं. एसटी बंद, कारखाना बंद. संगणक तेवढा चालू. त्या रिकाम्या दिवसांत राखीव जागा आटत आटत संपत आली. कारखाना उघडला त्या सकाळी सगळ्या टाक्या एकदम सुरू झाल्या. जागा वाढवायलाही थोडी मेमरी लागते. तेवढीही उरली नव्हती. पडदा गोठला. भोंगा वाजला नाही... तापलेली टाकी फुटली तेव्हा जवळ पैठणचा कामगार सखाराम उभा होता. त्याचे दोन्ही डोळे गेले.

भानुदासनं लगेच हद्द घातली. काम असो-नसो, राखीव जागा तिच्याखाली उतरणार नाही. एका ओळीचा बदल. साहेब म्हणाले, चूक यंत्राची. "यंत्राला सांगितलं कुणी व्हतं?" एवढंच बोलून तो नोकरी सोडून गावी मेंढरांकडं गेला. पुन्हा संगणकाला शिवला नाही.

दहाव्याला सखाराम सुनेचा हात धरून आला. "दर रविवारी यायचा," तो म्हणाला. "बोलायचा नाय. बसायचा, जाताना माझ्या चपला दारात सरळ लावायचा. त्याचा पाय वाजला की मला तो दिवस दिसायचा. लई वाटायचं, म्हणावं, भाऊ, नको येत जाऊ... पण मग तो कुठं गेला असता?"

"त्याला माफ केलंत?"

"त्यानं माफी कधी मागितलीच नाय."

निघताना सून हळूच म्हणाली, "आता मामंजी रविवारी दारात चपला पायानं चाचपत बसत्यात. मी लावून दिल्या तर चिडत्यात."