पेट्रोलात उतरलेलं लाल सूत

मंडळी, आज सकाळी शहापूरच्या विणकर आप्पांना मोटारीनं निपाणीला नेलं. तिथं त्यांची लेक बाळंतपणानंतर तापानं फणफणली होती.

लढाईमुळं पेट्रोल मिळतं तेही गाळाचं. गाळायला फडकं सापडेना. आप्पांनी लेकीसाठी विणलेल्या कोऱ्या लाल लुगड्याचं टोक फाडून दिलं. "लेकीपेक्षा लुगडं मोठं हाय व्हय?"

संकेश्वरच्या पुढं वेग वाढवला की मोटार आचके देऊ लागली. कार्बुरेटर खोलला, तर पेट्रोलच्या बारीक भोकात लाल सूत अडकलेलं. ते काढल्यावर मोटार सुरळीत पळाली.

पोचलो, तर लेक नुकतीच गेली होती.

अंगणात आप्पांनी विचारलं, "गाडी कशानं अडली रं?"

"कचरा हुता, आप्पा."

सूत अजून माझ्या खिशात आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?