सुतळीवरची पुस्तकं

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी बदली चांदवडच्या पुढे एका दोनशिक्षकी शाळेत झाली. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सांभाळत, तिसरी-चौथी माझ्याकडे. मध्ये फक्त एक लाकडी फळ्यांचा आडोसा. शाळेत गोष्टींची पुस्तकं होती, पण मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात.

"पोरांच्या हातात दिली की चिंध्या होतील. तपासणीला काय दाखवायचं?" ते म्हणाले.

बरंच मागे लागल्यावर त्यांनी पातळ, चित्रांची तेवढी काढून दिली. मी खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाकली. पाटीवरचं काम झालं की कुणीही उठावं, पुस्तक काढावं, वाचून परत टाकावं.

चौथीत एक मुलगी होती. आईवडील कांद्याच्या वावरात, त्यामुळे धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन ती शाळेत यायची आणि दाराशी बसायची. वाचायला उभं केलं की पुस्तकाकडे बघत राहायची. "येत नाय, बाई," एवढंच बोलायची.

एकदा धाकटी फार किरकिर करायला लागली, म्हणून मोठीने सुतळीवरून होडीत बसलेल्या शेळीचं पुस्तक ओढलं आणि चित्रं बघत मनाने गोष्ट सांगितली. धाकटी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिला तेच पुस्तक हवं होतं. पण मोठीची गोष्ट रोज बदलायची आणि धाकटी तिला पकडायची.

"आसं नाय! काल शेळी रडली व्हती!"

शेवटी मोठी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "बाई, हितं खरं काय लिवलंय?"

मी एक ओळ वाचून दाखवली. ती बोट ठेवून तेच शब्द म्हणत जागेवर गेली. मग रोज एक ओळ विचारायला लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती फक्त जोडाक्षरं विचारायला यायची.

त्याच सुमाराला धाकटीने त्या पुस्तकाचं पान फाडलं. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं आणि सगळी पुस्तकं उतरवून कपाटात ठेवली. दुपारी धाकटीने भोकाड पसरलं. तिला गप्प करायला मोठीने पुस्तक नसतानाच सगळी गोष्ट, लिहिल्याबरहुकूम, मोठ्याने म्हटली. आडोशापलीकडे पाढे थांबले.

मुख्याध्यापक आत आले. "पाठ केलंय हिने."

"वाचते ती," मी म्हणाले.

त्यांनी कपाटातून तिने कधी न पाहिलेलं पुस्तक आणलं आणि तिच्यापुढे धरलं. ती उभी राहिली. जोडाक्षरापाशी अडली, मागे गेली, पुन्हा वाचलं, पुढे सरकली. पान संपल्यावर तिने विचारलं, "उलटू का, गुरुजी?"

त्यांनी मान हलवली. शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी फाटलेलं पान खळ लावून चिकटवलेलं होतं आणि पुस्तकं माझ्या टेबलावर होती. काही आठवड्यांनी त्यांनीही आपल्या वर्गात सुतळी बांधली.

शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी चांदवडला जावं लागे. मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पन धाकलीला कोन बघंल?" मी दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही. मुलगी चुलीपाशी भाकरी थापत होती, तिने वर पाहिलं नाही.

तरी शनिवारी शाळा सुटताना ती यायची आणि घरी न्यायला पुस्तक मागायची. धाकटी पहिलीत आली तेव्हा तिला अक्षरं येत होती. मोठीने घरीच शिकवली होती.

कपाटातली पुस्तकं संपल्यावर मोठीने मला विचारलं, "बाई, जाडं हाय का यखांदं?"

जाडं एकही उरलं नव्हतं. मग मी नाशिकला घरी गेले की वाचनालयातून माझ्या नावावर तिच्यासाठी आणायला लागले. ऐंशीनंतर माझी बदली झाली, तोपर्यंत हे चालू होतं.