खाकी कोटाचा दाखला

युद्धकाळातला गणवेश कधीही धुवायचा नाही, हा संग्राहकांचा पहिला नियम. काखेतला घामाचा डाग, कॉलरच्या घडीत अडकलेली माती, खिशाच्या तळाशी उरलेला तंबाखूचा भुगा, या सगळ्याला आमच्यात पुराव्याचा मान असतो. वारज्याला एका निवृत्त अभियंत्यांच्या फ्लॅटवर आम्ही सात-आठजण महिन्यातून एकदा जमतो. कुणी नवा सदरा किंवा कोट आणला, की तो हातमोजे घालूनच उलगडला जातो. हा नियम माझ्या इतका अंगवळणी पडला होता, की असा गणवेश कुणी घरी धूत असेल ही शक्यताच मी विचारात घेईनाशी झाले होते. पुढचा सगळा अनर्थ एवढ्यातूनच झाला.

माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. कापडावरच्या रंगद्रव्यांवर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. या मंडळींत मी शिरले तेव्हा तिथे सगळा कारभार अंदाजाचा होता. "हाताला खरं लागतंय," हे त्यांचं परिमाण. मी अतिनील दिवा घेऊन गेले. तत्त्व सोपं आहे. हल्लीच्या कापडात आणि शिवणीच्या धाग्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्यं असतात. ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. महायुद्धाच्या काळातल्या कापडात ती नसत. पहिल्याच बैठकीत तिघांच्या जिवापाड जपलेल्या फिती आणि कापडी बिल्ले दिव्याखाली लखलखले.

"बाई, तुमचा हा दिवा म्हणजे खाष्ट सासू आहे," यजमान म्हणाले. "एकालाही बरं म्हणेना!"

सगळे हसले, मीही हसले. दोन-तीन महिन्यांत अनोळखी लोक सल्ल्यासाठी फोन करू लागले. मला ते आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. एका परिषदेत या पद्धतीवर बोलायचं माझ्या मनात होतं आणि त्यासाठी नमुने हवे होते. खरे होतेच, मला हवे होते खोटे.

अशा वेळी ते गृहस्थ बैठकीला आले. वय ऐंशीच्या आसपास, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, राहायला धायरीला. कापडी पिशवीतून त्यांनी एक जाड सुती खाकी कोट काढला. त्याच्या खांद्यांवर पलटणीच्या नावाची पितळी अक्षरं होती आणि बाहीवर नाइकाच्या हुद्द्याच्या दोन फिती. ते पाळण्यात असताना वडील सुटीवर घरी आले, हा जुना कोट मागे ठेवून पलटणीत परत गेले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेच नाहीत. फोटो नव्हता. घरातले कागद पुरात गेले. कोट उंच खुंटीला होता म्हणून वाचला. आता त्यांच्या गावच्या बुद्धविहाराच्या आवारात, महायुद्धात गेलेल्या शिपायांची नावं दगडावर कोरायची ठरली होती.

"भावकीतले काही जण म्हणतात, तुझा बाप शिपाई नव्हता, ओझी वाहायला गेला होता," ते म्हणाले. "समितीला तज्ज्ञांचा दाखला हवाय. तेवढा द्या, मॅडम. मग दगडावर नाव येईल."

मी कोट आठ दिवस ठेवून घेतला. दिव्याखाली तो नखशिखांत चमकला. फिती ज्या धाग्याने टाचल्या होत्या तो सरळसरळ पॉलिस्टर होता. पितळी अक्षरांच्या कडा बोथट होत्या, जुन्यावरून साचा काढून ओतलेल्या नकलेच्या असतात तशा. आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का असायला हवा होता. तिथे फिकट करडी छाया होती आणि तिच्यातून काहीही वाचता येत नव्हतं. मी एका पानाचा दाखला लिहिला: कोट निश्चितपणे युद्धानंतरचा आहे, बहुधा नाटकाच्या कपडेपटासाठी शिवलेला.

त्यांनी तो माझ्यासमोर, उभ्यानेच, दोनदा वाचला.

"निश्चितपणे?"

"काका, कापड, धागा आणि पितळ, असे तीन स्वतंत्र पुरावे आहेत. तिन्ही एकाच वेळी चुकण्याची शक्यता नगण्य आहे."

"नगण्य," त्यांनी तो शब्द सावकाश उच्चारला. मग कोटाची घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाले, "आमच्या घरात शिकलेल्या माणसाचा शब्द मोडत नाहीत. आमच्या आईने तेवढं एकच शिकवलं."

मला ती दाद वाटली. तो दाखला त्यांनी स्वतःच्या हाताने समितीला नेऊन दिला, हे मला नंतर कळलं. दडवला असता तर कुणालाही पत्ता लागला नसता.

चार महिन्यांनी परिषदेचं व्याख्यान तयार करताना मला त्या कोटाचे फोटो हवे झाले. बनावटीचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नव्हता. मी धायरीला त्यांच्या घरी गेले. ते दूध आणायला गेले होते. त्यांच्या पत्नीने मला बसवलं, पाणी दिलं.

"कोट बघायला आलाय होय? कोट न्हाई आता," त्या म्हणाल्या. "असता तर धुऊन दिला असता."

"धुऊन?"

"मग! दरसाली बुद्धपौर्णिमेला धुते की मी. लग्न होऊन आले तवापास्नं. सासऱ्यांचा फोटू न्हाई, म्हणून खुर्चीवर कोट मांडतो आमी. मळका कसा मांडायचा? त्याची पावडर पण येगळी आणते, भारीतली. फिती सुटल्या तर मीच टाचते. पितळ चिंचंनं घासते. असं लखलखतं म्हणता!"

मी हातातला पेला खाली ठेवला. कपड्याच्या पावडरीत तीच द्रव्यं असतात. ती धुण्यागणिक कापडावर बसतात, ही गोष्ट मी पदवीच्या पहिल्या वर्षाला स्वतः शिकवते. शिक्का धुण्यात गेला. कडा चिंचेने झिजल्या. धागा त्यांच्या शिवणाच्या डब्यातला होता. माझे तीन स्वतंत्र पुरावे स्वतंत्र नव्हतेच. तिन्हींचा उगम माझ्यासमोर बसून पदराने हात पुसत होता. पन्नासहून अधिक वर्षांच्या निगराणीला मी बनावट ठरवलं होतं. एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो विचारायला दिवा लागत नाही.

तेवढ्यात ते आले. कोट कुठे आहे, मी विचारलं.

"नाटकाचा आहे म्हणालात ना?" दुधाच्या पिशव्या पातेल्यात ठेवत ते शांतपणे म्हणाले. "मग नाटकवाल्याला दिला. ज्याचं त्याला."

मंडईच्या मागच्या बोळात कपडेपट भाड्याने देणारं ते दुकान मी त्याच संध्याकाळी गाठलं. मालक गॅदरिंगसाठी मावळ्यांचे अंगरखे मोजत होते.

"खाकी कोट? जुना, जाड कापडाचा? त्याचा वकील केला की!"

"म्हणजे?"

"कोर्टाचा सीन होता, काळे कोट कमी पडले. रंगात बुडवला. काय कापड होतं हो, काही केल्या रंग धरेना, दोनदा उकळावं लागलं." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "तुम्हाला वकीलच पाहिजे का? दुसरा देतो."

पितळी अक्षरं मोडीत गेली होती. फिती उसवून टाकल्या होत्या. कोट एका दौऱ्यावरच्या संचाबरोबर गेला होता आणि त्या संचाकडे कपड्यांच्या बारा पेट्या होत्या. मी सहा वेळा गेले. दोन पेट्या परत आल्या, त्यांत तो नव्हता. सहाव्या वेळी मालकांनी मान वर न करता विचारलं, "ताई, त्यात काही शिवून ठेवलं होतं का?"

माझ्याकडे उरला होता त्या आठ दिवसांत आतल्या शिवणीतून कापून घेतलेला नखाएवढा तुकडा. निकाल आधीच लागला म्हणून मी तो तपासलाही नव्हता. आता तपासला. खाकी रंग लोह आणि क्रोमियमच्या संयुगांचा निघाला. त्या काळी सैन्याच्या कापडाला असाच खनिज रंग देत. तो ना सहज उतरतो, ना त्यावर दुसरा रंग सहज बसतो. कपडेपटासाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही. पण खाकी कापड हमालाच्या अंगावरही असू शकतं. शिपाई ठरवणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, बाहीवरच्या फिती आणि खांद्यावरची अक्षरं, आणि त्या आता जगात नव्हत्या.

समितीच्या सचिवांना मी फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मॅडम, आधीचा कागदही तुमचाच ना? मग आम्ही कुठला धरायचा?" वस्तू दाखवता येईल का, असं त्यांनी विचारलं. येणार नव्हती. दगड बसवून महिना झाला होता. "नाव वाढवायला जागा आहे," ते सौम्यपणे म्हणाले, "पण आधार पाहिजे. तुम्हीच सांगा, तुम्ही आमच्या जागी असता तर?"

मी त्यांच्या जागी असते तर नाव घातलं नसतं. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा.

परिषदेचं व्याख्यान मी रद्द केलं. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसरा दाखला लिहून मी पुन्हा धायरीला गेले. धुण्याचा परिणाम, माझी चूक, खनिज रंग, सगळं त्यात क्रमाने होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"माझ्या धुन्यानं झालं का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही, काकू. माझ्यामुळे झालं."

त्यांना ते पटलं नाही. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते पुसायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

"म्हणजे कोट खरा होता?" काकांनी विचारलं.

"खरा असण्याची शक्यता खूप मोठी आहे."

"शक्यता." त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या वेळी तुम्ही शक्यता म्हणाला नव्हतात, मॅडम. तेव्हा निश्चित म्हणाला होतात."

वैज्ञानिक उत्तर मला माहीत होतं: आज वस्तू हाताशी नाही, म्हणून निश्चित म्हणता येत नाही. ते उत्तर बरोबर आहे. ते त्यांना देण्याइतकी निर्लज्ज मी अजून झालेले नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हा तुमच्याकडेच राहू द्या. वडिलांविषयी माझ्याकडे कधी कागद नव्हता, तेव्हा ते शिपाई होते. आता दोन कागद झालेत. एकात ते सोंग आहेत, दुसऱ्यात शक्यता आहेत. मी आता कुठल्या बापाला हात जोडू, ते तेवढं सांगा."

ते उत्तराची वाट पाहत थांबले होते, उपरोधाने नव्हे, खरोखरच. शिकलेल्या माणसाला काही तरी सुचेल अशा जुन्या सवयीने. मग ते उठले आणि दारापर्यंत पोचवायला आले.